नळी लख्ख, बोल्ट चिकट: एका बोल्ट-ॲक्शन रायफलचं प्रकरण

तक्रार साधी होती. .३०८ विंचेस्टर काडतुसाची एक बोल्ट-ॲक्शन रायफल काही वर्षं कपाटात पडून होती. ती पुन्हा रेंजवर आली आणि मधूनच उडेनाशी झाली. चाप ओढला की नुसतंच ‘टक्’. मालकांच्या मते काडतुसं जुनी झाली असावीत. तपासात निघालं ते भलतंच, आणि तक्रारीपेक्षा कितीतरी गंभीर. हवी तेव्हा न उडणारी ही रायफल नको तेव्हा उडू शकत होती, आणि दोन्हींचं मूळ एकच होतं.

रायफलची रचना आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. बोल्ट म्हणजे मुठीने मागेपुढे करून नळीचं मागचं तोंड उघडणारा आणि बंद करणारा दांडा. त्याच्या पुढच्या टोकाला दोन लॉकिंग लग, म्हणजे खाचांत अडकून त्याला बंद धरणारे उंचवटे. बोल्टची मूठ वर उचलली की फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारी सळई, मागे जाऊन कॉक होते, म्हणजे ठोक्यासाठी ताणून सज्ज राहते. सेफ्टी दोनच स्थितींची, ‘सेफ’ आणि ‘फायर’. सेफ्टी ‘सेफ’वर असली की मूठ उचलताच येत नाही, बोल्ट बंदच राहतो. जंगलातून चालताना मूठ कशाला अडकून बोल्ट उघडू नये म्हणून ही सोय असे. पण तिचा दुसरा अर्थ असा की चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला भरलेलं, काडतूस काढायचं तर आधी सेफ्टी ‘फायर’वर आणावी लागते.

सकाळी चांगलीच थंडी होती. पहिल्या दोन गोळ्या व्यवस्थित गेल्या. तिसऱ्या वेळी ‘टक्’ झालं, आणि मालकांचा हात सरळ बोल्टकडे गेला.

“थांबा सर, बोल्टला हात लावू नका. नळी तशीच टार्गेटकडे धरून ठेवा.”

“अहो, नुसती मूठ वर करून खाली करतो. पुन्हा कॉक होते. नेहमी तसंच करतो, दुसऱ्या ठोक्याला उडतं.”

हे ‘नेहमी’ ऐकलं तेव्हाच मला काळजी वाटली. एक तर बिघाड जुना होता. शिवाय ते जे करत होते त्यात मोठा धोका होता. काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरला, म्हणजे दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीला, ठोका बसूनही दारू लगेच पेटली नाही, तर ती थोड्या उशिराने पेटू शकते. हा उशीर बहुतेक वेळा सेकंदाच्या अंशाचाच असतो, पण त्या अंशाचा भरवसा कोणी द्यावा? मूठ वर उचलली की लग आपल्या खाचांतून सुटतात. .३०८ काडतुसाचा कमाल दाब ६२,००० पौंड प्रति चौरस इंच इतका धरलेला आहे. लग सुटलेल्या स्थितीत तो दाब तयार झाला तर बोल्ट आणि फुटलेल्या काडतुसाचे तुकडे मागे येतात, आणि मागे नेमबाजाचा चेहरा असतो.

म्हणून नियम असा आहे: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर, आणि किमान ३० सेकंद काहीही करायचं नाही. मी पूर्ण मिनिटभर थांबायला लावतो. शेजारचा फायरिंग पॉइंटही थांबवला. मिनिट संपल्यावर मालकांनी रायफल किंचित कलती केली. काडतूस बाहेर पडण्याची खिडकी चेहऱ्यापासून दूर झाली. मग चेहरा बाजूला ठेवून त्यांनी मूठ सावकाश उचलली. काडतूस अखंड बाहेर आलं.

पुढची गोळी भरण्याआधी नळी तपासली. मॅगझिन रिकामं केलं, बोल्ट पूर्ण बाहेर काढला आणि चेंबरच्या बाजूने आत पाहिलं. ‘टक्’ झाल्यावर बरेच जण हे टाळतात, कारण आवाजच झाला नाही तर गोळी अडकेल कुठून? पण प्रायमर एकटाच पेटला तरी त्याच्या जोरावर गोळी काडतुसातून सुटून नळीच्या सुरुवातीला रुतू शकते. कानात इअरमफ असताना तो फुसका आवाज आणि रिकामा ‘टक्’ यांतला फरक दरवेळी कळतोच असं नाही. रुतलेल्या गोळीमागून दुसरी सोडली की नळी फुटते. इथे नळी मोकळी होती.

मग न उडालेलं काडतूस आणि आधीच्या दोन रिकाम्या केसेस, म्हणजे काडतुसांची कवचं, टेबलावर शेजारी ठेवल्या. हे तीन प्रायमर पाहिल्यावर निम्मं निदान तिथेच झालं. पहिल्या केसच्या प्रायमरवर पिनने पाडलेला खड्डा खोल, गोल आणि स्वच्छ तळाचा होता. दुसऱ्याचा जरा उथळ. न उडालेल्या काडतुसावर नखाला जेमतेम जाणवेल असा ओरखडा होता. ठोके उत्तरोत्तर हलके पडत होते. त्याच डब्यातली न वापरलेली काडतुसं आम्ही त्याच काडतुसाच्या दुसऱ्या चांगल्या रायफलीतून उडवली. एकही अडलं नाही. काडतुसं निर्दोष ठरली. न उडालेलं काडतूस वेगळं काढून नष्ट करायला दिलं. ते पुन्हा कुठल्याही रायफलीत घालून बघायचं नाही, असा आमचा दंडक आहे.

ठोका हलका पडण्याची कारणं मोजकी आहेत. फायरिंग पिन झिजलेली किंवा तुटलेली असते, स्प्रिंग थकून सैल पडलेली असते, हेडस्पेस वाढलेली असते, किंवा पिनच्या वाटेत काहीतरी आडवं येतं. घाईने स्प्रिंग बदलून मोकळं होण्याचा मोह होतो. आम्ही एकेक कारण बाद करत गेलो.

पिनचं टोक बोल्टच्या तोंडाबाहेर किती येतं ते मोजलं. १.४ मिलिमीटर आलं, म्हणजे पिन ठीक. टोक गोल आणि गुळगुळीत होतं, कुठे टवका नव्हता. हेडस्पेस म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमधला खांद्याचा ठरावीक बिंदू यांतलं अंतर. ते जास्त असेल तर पिनचा ठोका काडतुसाला पुढे ढकलण्यातच खर्ची पडतो, आणि उडालंच तर केस ताणून फाटण्याचा धोका वेगळा. .३०८ साठी ‘गो’ गेज (ज्यावर बोल्ट बंद व्हायला हवा असा मापाचा ठोकळा) १.६३० इंचांचा आणि ‘नो-गो’ (ज्यावर तो बंद व्हायला नको) १.६३४ इंचांचा असतो. पिन आणि केस ओढून बाहेर फेकणारे एक्स्ट्रॅक्टर व इजेक्टर काढून टाकलेला बोल्ट दोन बोटांच्या हलक्या दाबाने ‘गो’वर बंद झाला, ‘नो-गो’वर झाला नाही. फरक अवघा चार हजारांश इंचांचा, म्हणून इथे जोर लावून चालत नाही. मूठ दाबून ‘नो-गो’वर बोल्ट बंद करणारे लोक मी पाहिले आहेत. ते मोजत नसतात, फक्त गेज आणि लग खराब करत असतात.

राहिला बोल्टचा अंतर्भाग. डोळ्यांवर चष्मा चढवून, दाबलेल्या स्प्रिंगचा अंदाज घेत मागचं बूच फिरवून काढलं आणि पिन स्प्रिंगसकट बाहेर ओढली. ती सुटून यायला हवी होती, पण ओढत आणावी लागली. स्प्रिंगच्या वेटोळ्यांमध्ये तपकिरी पिवळा थर होता. वर्षानुवर्षं न उघडलेल्या शिलाई मशीनमध्ये तेल आळून जसा राप बसतो, अगदी तसा. पुढच्या भोकाशी पितळेचा बारीक भुगा आणि काजळी त्यात रुतून बसली होती. बोल्ट हातात गरम केला की थर मऊ पडायचा, थंड झाला की घट्ट. पहिली गोळी का गेली आणि तिसरी का अडली तेही यातून कळलं. रायफल गरम गाडीतून उतरून टेबलावर आली, दर मिनिटाला गार होत गेली, आणि पिनची धाव तेवढी मंदावत गेली. प्रायमरला नुसता दाब पुरत नाही, वेगाचा फटका लागतो.

“पण मी तर दरवर्षी तेल घालतो हो!” मालक म्हणाले, आणि ते खरंच होतं. बोल्टच्या अंगावर वायू निसटण्यासाठी भोकं असतात. त्यांतून ते गंजरोधक तेलाचा फवारा मारत. आधीचं तेल कधी काढलं नव्हतं, त्यावर नवं जात होतं. पातळ भाग उडून जायचा आणि जड भाग साचायचा.

नळी मात्र त्यांनी जिवापाड जपली होती. चेंबरच्या बाजूने, बोअर गाइड (गज सरळ ठेवणारी नळी) वापरून, एकसंध गजाने ती साफ केलेली होती. ब्रश पूर्ण बाहेर काढल्याशिवाय उलटा फिरवलेला नव्हता. नळीचं तोंड, जिथे गोळी शेवटची नळीला शिवते, ते कोऱ्यासारखं होतं. अशी निगा फार थोडे घेतात. पण बहुतेकांची साफसफाई नळीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते, कारण काळी चिंधी डोळ्यांना दिसते आणि बोल्टच्या आतला राप दिसत नाही. सफाईत एक खोटही होती. चेंबर तेलाने ओलं होतं. उडताना काडतुसाची केस फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते आणि मागे येणारा काही जोर स्वतः पेलते. भिंतीवर तेल असेल तर ही पकड सैल होते आणि तो जोर लगांवर जातो. म्हणून गोळी सोडण्याआधी नळी आणि चेंबर दोन्ही कोरड्या चिंधीने पुसायची.

बोल्ट साफ करणं सोपं होतं. सुटे भाग मिनरल स्पिरिटमध्ये बुडवले, नायलॉनच्या ब्रशने घासले, पूर्ण कोरडे केले. पिनवर आणि स्प्रिंगवर पातळ तेलाचं बोट फिरवून ते पुन्हा कापडाने टिपून घेतलं. फार थंडीत वापरायची असेल तर मी तेवढंही ठेवत नाही. ग्रीस लागतं ते वेगळ्या ठिकाणी: लगांच्या मागच्या अंगाला आणि बोल्ट कॉक करणाऱ्या तिरप्या खाचेला. तिथे धातूवर धातू दाबाखाली घासतो, आणि कोरडा राहिला तर एकमेकाला ओरबाडतो.

मग साफ केलेला बोल्ट, जुनीच स्प्रिंग ठेवून, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी त्यावरचं दव पुसलं आणि रेंजवर, कान झाकून, फक्त प्रायमर बसवलेल्या केसेसवर ठोके मारले. त्यांत दारू नव्हती, गोळी नव्हती. सगळे प्रायमर पेटले, खड्डे सारखे खोल. त्यानंतरच स्प्रिंग बदलली, कारण जुनी नव्या स्प्रिंगच्या तुलनेत थोडी आखूड झालेली होती. आधी बदलली असती, तर नव्या स्प्रिंगच्या जोराखाली राप काही काळ लपला असता.

मालकांच्या दृष्टीने काम झालं होतं. पण बोल्टच्या आत एवढं तेल साचलं असेल, तर ते वाहून कुठे गेलं असेल? रायफल कपाटात दस्ता खाली, नळी वर अशी उभी असायची. बोल्टमधून ठिबकणारं तेल खाली ट्रिगरच्या पेटीत उतरतं आणि तिथून दस्त्याच्या लाकडात मुरतं. दस्ता सोडवल्यावर लाकडावर काळपट ओला डाग दिसलाच.

ट्रिगरची तपासणी रिकाम्या रायफलीवर करतात, आणि ‘रिकामी’ हा शब्द इथे कृतीने सिद्ध करावा लागतो. आधी मॅगझिन रिकामं, मग बोल्ट उघडा, मग डोळ्यांनी पाहणं, मग करंगळी चेंबरमध्ये घालून चाचपणं. क्रम महत्त्वाचा आहे. मॅगझिन भरलेलं ठेवून बोल्ट मागेपुढे केला तर एक काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं आत जातं, आणि माणसाला वाटतं आता रिकामी झाली. काडतुसं खोलीबाहेर ठेवली आणि मग पुढची चाचणी केली.

चाचणी अशी. बोल्ट बंद करून कॉक करायचा. सेफ्टी ‘सेफ’वर न्यायची. चाप जोराने ओढायचा आणि सोडायचा. मग चापाला न शिवता सेफ्टी ‘फायर’वर आणायची. काहीही व्हायला नको. पहिल्या काही वेळा काही झालं नाही. रायफल थंड झाल्यावर पुन्हा करत गेलो, आणि एकदा सेफ्टीचा खटका पुढे सरकला त्याच क्षणी ‘टक्’. चापावर कोणाचंही बोट नव्हतं. मालक माझ्याकडे बघत राहिले.

झालं होतं ते असं. या प्रकारच्या ट्रिगरमध्ये ‘सेफ’ची कळ पिनला अडवून धरणारा सिअर थोडा वर उचलते. त्यामुळे चाप मोकळा होतो आणि ओढला तरी काही होत नाही. चाप सोडला की छोट्या स्प्रिंगने तो परत सिअरच्या खाली आला पाहिजे. इथे घट्ट तेलाने त्याला वाटेतच धरून ठेवलं. सेफ्टी ‘फायर’वर आली, सिअर खाली उतरला, आणि त्याला टेकायला खाली काहीच नव्हतं.

आता रचनेतला तो तपशील आठवा. बोल्ट उघडायचा तर सेफ्टी ‘फायर’वर आणावीच लागते. म्हणजे दिवस संपल्यावर काडतूस काढताना, सगळे आवराआवर करत इकडेतिकडे फिरत असताना, ही रायफल आपोआप उडू शकली असती. हे बारकावे कागदी नाहीत. रेमिंग्टनने आपल्या मॉडेल ७०० मधला असा बोल्ट-लॉक १९८२ मध्ये काढून टाकला. त्याच कंपनीने २०१४ मध्ये एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत मागवल्या, तेव्हा दिलेलं कारण होतं जोडणीच्या वेळी ट्रिगरमध्ये जास्त लागलेला चिकट पदार्थ. तिथे तो कारखान्यात लागला होता, इथे कपाटात साचला. याउलट १८९८ च्या माउझरची सेफ्टी किंवा विंचेस्टर मॉडेल ७० ची तीन स्थितींची सेफ्टी थेट फायरिंग पिनलाच अडवते, आणि मधल्या स्थितीत पिन अडवलेली असतानाच बोल्ट उघडू देते. ही रचना मला आजही सर्वांत समंजस वाटते. तरीही कुठल्याच सेफ्टीवर विसंबून नळीची दिशा ढिली सोडायची नसते. ज्या रायफलीवर काम चालू नाही, तिचा बोल्ट उघडा आणि सगळ्यांना दिसेल असा असावा.

ट्रिगरच्या बाहेरच्या स्क्रूंवरचा कारखान्याचा रंगाचा ठिपका शाबूत होता, म्हणजे कोणी ओढ हलकी करायला गेलं नव्हतं. आम्हीही ते स्क्रू हलवले नाहीत आणि पेटी उघडली नाही. लायटरमध्ये भरतात त्या, मागे काही न ठेवणाऱ्या द्रवाने ट्रिगर बाहेरूनच धुतला. पिवळं पाणी बराच वेळ येत राहिलं. स्वच्छ झाल्यावर वाळवला आणि तेल अजिबात घातलं नाही. पुन्हा तीच चाचणी, थंड करून, गरम करून. बोल्ट जोरात आपटून बंद केला. रबरी चटईवर दस्ता आपटला. पिन एकदाही पडली नाही.

मालकांनी साहजिकच विचारलं, “आता चालतंय ना? मग नवा ट्रिगर कशाला?”

हा प्रश्न रास्त होता आणि त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. माझं मत मी स्पष्ट सांगितलं. बोल्ट उघडून आत काय आहे ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणून त्याच्याबद्दल खात्री देऊ शकतो. ट्रिगरची पेटी बंद आहे. आत एखाद्या कडेला राप उरला आहे का, सिअरची धार झिजली आहे का, हे बाहेरून धुऊन कळत नाही. न उडण्याचा बिघाड सुधारला की नाही ते दहा प्रायमर सांगतात. नको तेव्हा उडण्याचा बिघाड दहा वेळा झाला नाही म्हणून गेला, असं म्हणता येत नाही. एकदा या चाचणीत नापास झालेला ट्रिगर माझ्या समोर फायरिंग पॉइंटवर येणार नाही. त्यांनी एक दिवस विचार केला आणि नवा ट्रिगर बसवायला होकार दिला. तो बोल्ट अडकवून न ठेवणाऱ्या सेफ्टीचा निवडला, म्हणजे सेफ्टी ‘सेफ’वर ठेवूनच काडतूस काढता येतं.

दस्ता परत बसवताना पुढचा स्क्रू जागच्या जागीच गेला ना ते पाहिलं. स्क्रूंची अदलाबदल झाली तर लांब स्क्रूचं टोक आत येऊन बोल्टच्या लगाला अडतं आणि बोल्ट जड वाटू लागतो. स्क्रू टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळले.

नव्या ट्रिगरसह सगळ्या चाचण्या पहिल्यापासून झाल्या, आणि मग रायफल पुन्हा रेंजवर गेली. सकाळ तेवढीच थंड होती. मॅगझिनमध्ये सुरुवातीला एकावेळी एकच काडतूस भरलं. प्रत्येक केसचा प्रायमर पाहून ती ओळीने मांडत गेलो. खड्ड्यांत फरक नव्हता. मालकांनी आता तेलाचा फवारा बंद केला आहे. हंगामाच्या शेवटी ते बोल्ट सोडवून पिन पुसतात, आणि नळीला तेल लावल्यावर पहिले काही दिवस रायफल नळी खाली करून ठेवतात. लाकडात मुरलेला डाग अजून थोडा पाझरतो, म्हणून दर महिन्याला दस्ता सोडवून ट्रिगरखालची जागा कोरड्या कापडाने टिपायची, असं आमचं ठरलं आहे.